एस्पेसनेट: रेफरन्स डेस्क सोडायचा विचार असेल तर आधी हे वापरून बघा

लायब्ररी सोडून दुसरं काय करू असं विचारलं की लोक एकतर क्लासेस काढ म्हणतात नाहीतर डेटा एन्ट्री. एका करिअर काउन्सेलर बाईंनी तर चांगली फी घेऊन मला "वाचनाची आवड आहे ना, मग ब्लॉग लिहा" असा सल्ला दिला. रेफरन्सवाला दिवसभर पुस्तकं वाचत बसतो हा समज काही केल्या जात नाही.

त्यापेक्षा एस्पेसनेट उघडा. युरोपियन पेटंट ऑफिसची साइट आहे, पूर्ण फुकट, १५ कोटींच्या वर पेटंट डॉक्युमेंट्स. पेटंट सर्च म्हणजे काय तर क्लायंट म्हणतो हे मी नवीन शोधलंय, आणि आपण बघायचं की जगात आधी कुणी कुठे छापून ठेवलंय का. आपल्याकडे पीएचडीचा विद्यार्थी "मॅडम, माझ्या टॉपिकवर काहीच काम झालेलं नाही" म्हणत येतो ना, अगदी तेच, फक्त इथे या कामाला फर्म्स पगार देतात.

हळदीची केस घ्या. सर्चमध्ये यूएस ५४०१५०४ टाका, जखमेवर हळद लावण्याचं १९९५ सालचं अमेरिकन पेटंट समोर येतं. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआरने (केंद्र सरकारची वैज्ञानिक संशोधन संस्था) ते १९९७ मध्ये रद्द करून घेतलं ते भाषण ठोकून नाही, संस्कृत ग्रंथातले उल्लेख आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधला १९५३ चा लेख असे कागद पुढे ठेवून. हे मुळात संदर्भ विभागाचं काम!

आता टूलबद्दल. नुसतं टर्मरिक टाकून शोधलं तर जिथे कर्क्युमा (हळदीचं शास्त्रीय नाव) लिहिलंय ते सुटतं, आणि बाकी कचरा ढीगभर येतो. पण वर्गीकरणाने, म्हणजे पेटंटला विषयानुसार दिलेल्या कोडने गेलात, इथे ए६१के ३६/९०६६, की हळदीच्या औषधांचा सगळा कप्पाच उघडतो, मग अर्ज चिनी असो की जपानी (मशीन भाषांतर तिथेच मिळतं, वाकडंतिकडं पण कळतं). ड्युई आणि कोलन या पुस्तकांच्या वर्गीकरण पद्धती कोळून प्यायलेल्या माणसाला ही रचना लगेच समजते, इंजिनियर पोरं मात्र कीवर्डमध्येच अडकतात असा माझा अनुभव. फॅमिली टॅबही झकास, एकच शोध कुठल्या कुठल्या देशांत नोंदवलाय ते एका जागी दिसतं. भारतीय अर्जांसाठी आपल्या पेटंट ऑफिसची सर्च साइट इनपास वेगळी बघायची, ती टाळू नका. आणि पेटंटची भाषा पहिले काही दिवस डोक्यावरून जाते, त्यासाठी वायपोचा (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) डीएल-१०१ हा फुकट ऑनलाइन कोर्स आधी करून टाका.

अडचण एकच पण मोठी. पुणे, बंगळुरू, नोएडाकडच्या सर्च फर्म्स सायन्स किंवा इंजिनियरिंगची डिग्री विचारतात, आणि पेटंट एजंटच्या (दुसऱ्यांच्या वतीने पेटंटचे अर्ज करणारा) परीक्षेला तर ती कायद्यानेच लागते. बीएससी करून मग एम.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी) झालेल्यांना रस्ता मोकळा आहे. बीएवाल्यांनी ट्रेडमार्क सर्च किंवा कंपन्यांच्या रिसर्च डेस्ककडे बघावं, उगाच इथे वर्ष घालवू नये.

आणि नोकरीचा अर्ज करताना नॅकच्या (कॉलेजांच्या मूल्यांकनाच्या) फायली किती केल्या ते लिहू नका, तिथे कुणाला घेणंदेणं नाही. त्याऐवजी स्वतः केलेला एक सर्च रिपोर्ट जोडा, कुठल्या डेटाबेसमध्ये काय क्वेरी टाकली, किती रिझल्ट आले आणि त्यातले कुठले का ठेवले एवढं दोन पानात.