नळाची मूठ घसरतेय : टेफ्लॉन टेप की नवी मूठ?

शहापुरातल्या आमच्या न्हाणीघरात नळाची मूठ नुसतीच गोल फिरायची. वरची टोपी चाकूनं उचकटून आतला स्क्रू आवळला, तरी तेच. मूठ जिच्यावर बसते त्या दांडीचे पितळी दात शाबूत होते. मुठीतले प्लास्टिकचे मात्र झिजून गुळगुळीत.

दांडीवर टेफ्लॉन टेपचे (प्लंबरची पातळ पांढरी फीत) 2-3 वेढे देऊन मूठ दाबून बसवली, की लगेच पकड येते. आमच्याकडे ती पंधरा दिवस टिकली. पाहुणे यायच्या दिवशी एवढं पुरे.

कायमचं म्हणाल तर नवी मूठच. खडेबाजारात जाताना जुनी सोबत न्या, दात मोजून जुळवा, नाहीतर नवी बसतच नाही. धातूची मिळाली तर उत्तम. दांडीचेच दात गेले असतील तर मात्र स्पिंडल, म्हणजे ती दांडी असलेला नळाचा आतला भागच बदलावा लागतो. त्याआधी टाकीचा कॉक आठवणीनं बंद करा.