दुसऱ्यांदा ताल घातली, ती टिकली

माण तालुक्यात आमचं दीड एकर उताराचं रान. दोन वर्षांमागं एका जेसीबीवाल्याकडून ताल, म्हणजे उताराला आडवा मातीचा बांध, घालून घेतली होती. त्या पोरानं तासाभरात माती ओढून ढीग लावला, वरून बकेटनं थापटला की झालं काम. खाली तुरीची धसकटं, म्हणजे कापणीनंतर राहिलेले बुडखे, तशीच. हस्ताच्या पावसात पाणी धसकटांच्या वाटेनं बुडातून शिरलं आणि पहाटेपर्यंत ताल मधोमध फुटली. माती गेली खाली चुलत्यांच्या रानात, बोलणी खाल्ली आम्ही.

यंदा मे महिन्यात शेजारच्या गावातला दुसरा ऑपरेटर बोलावला. चार दिवस उशिरा आला, हे आधीच सांगतो. पण मशीन चालू करायच्या आधी सगळं रान पायी फिरून आला आणि म्हणाला, "तात्या, उंचीचं सोडा, आधी बूड धरू." गवत-मुळ्या खरवडून काढल्या, जुन्या तालीच्या जागी दोन फूट खोल चर खणून त्यात ओढ्याकाठची काळी माती भरली. मग वीतभर थर, टँकरचं पाणी, त्यावरून चाकं मागंपुढं. की पुन्हा थर. बघणाऱ्याला कंटाळा यावा इतकं हळू. मधेच खाली उतरून मातीचा लाडू वळून बघायचा. वळला तर ओल बरोबर, हाताला चिकटला तर पाणी जास्त. आमचे आबा १९७२ च्या दुष्काळात नालाबांधावर कामाला होते. तिथं हेच काम धुम्मसानं, म्हणजे माती ठोकायच्या जड ठोकळ्यानं, चालायचं म्हणे.

खटकलं ते असं. माती तालीच्या पायथ्याला लागूनच उकरायला लागला होता. ओरडलो तेव्हा तीन फूट जागा सोडली. सांडवा, म्हणजे जादा पाणी जायची वाट, तर त्याच्या हिशेबातच नव्हता. एका कडेला माथ्यापेक्षा दीड फूट खाली ठेवून घेतला, दगड आम्ही नवराबायकोनं रचले.

नऊ तास लागले. तासाला १,१०० रुपये, येण्याजाण्याचे १,०००, टँकर वेगळा. पहिल्याच्या कितीतरी पट, पण पहिला पैसा वाहूनच गेला की.

चार फुटांची ताल पावसाळ्यात चार बोटं बसली. सांडव्यावरून दोनदा पाणी गेलं, दगड जागचे हलले नाहीत. वरच्या अंगाला शाळू अजून हिरवागार आहे. माथ्यावर मारवेल गवताचे ठोंब लावलेत. उंदरानं एक बीळ पाडलंय, ते या आठवड्यात ठासायचं आहे.

चार तारे. बोलवायचा असेल तर एप्रिलमध्येच सांगून ठेवा, मे महिन्यात तो फोन उचलत नाही.