सागवानी रंगाचं पीव्हीसी कंपाउंड: तीन पोत्यांनंतर
भोसरीत आमचं छोटं एक्स्ट्रूडर (प्लास्टिक वितळवून साच्यातून दाबून काढणारं यंत्र) आहे, खिडक्यांची बीडिंग, म्हणजे काच धरून ठेवणारी पट्टी, काढतो. एका सप्लायरकडून या कंपाउंडची, म्हणजे रंग वगैरे मिसळलेल्या तयार प्लास्टिक मालाची, 25 किलोची तीन पोती घेतली. रंग झकास, लाकडाची रेघ अशी उतरली की आमच्या सुताराने नखाने खरवडून पाहिलं. 180 अंशांच्या आसपास माल मस्त वाहतो, डायला (आकार देणाऱ्या साच्याला) चिकटत नाही. तिसरं पोतं मात्र वेगळंच निघालं. पट्टी वाकवली की कट्‌कन मोडायची, मोडल्या जागी पांढरट भुरा. कॅल्शियम कार्बोनेट (भर म्हणून घालतात ती स्वस्त पूड) सढळ हाताने घातलेलं, दुसरं काय! खर्च त्यांचा वाचतो, यंत्रातला स्क्रू झिजतो आमचा. फोन केल्यावर पोतं बदलून दिलं, कुरकुर न करता. यूव्ही स्टॅबिलायझर, म्हणजे उन्हाने रंग उडू नये म्हणूनचं द्रव्य, घातलंय म्हणतात. एक तुकडा गच्चीवर उन्हात बांधून ठेवलाय, दिवाळीनंतर रंग बघू. तोवर चार तारे.