लोटलीचे बिग फूट की बाणावलीचे गोवा चित्र?

दिवाळीनंतर फोंड्याला आमच्याकडे पाहुण्यांची रीघ लागते. मंगेशी, म्हार्दोळ, शांतादुर्गा झाली, समुद्र झाला, की कुणीतरी विचारतेच, ‘जुना गोवा कुठे पाहायला मिळेल?’ त्यांना जुने गोव्यातल्या चर्च नको असतात. पणजी-पणजोबांच्या काळचे घर, शेत, बाजार पाहायचा असतो. मी दोनच नावे सांगते. लोटलीचे ‘अ‍ॅन्सेस्ट्रल गोवा’, ज्याला सगळे बिग फूट म्हणतात, आणि बाणावलीचे ‘गोवा चित्र’. दोन्ही दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यात आहेत, पण दोन्ही धड पाहण्याइतका वेळ फार थोड्यांकडे असतो.

बिग फूट म्हणजे डोंगरउतारावर झाडीत वसवलेले एक गाव. माहेंद्र आल्वारिस यांनी ते 1995 साली सुरू केले. कोळ्याचे खोपट, कारागिरांची घरे, बाजार, तावेर्न म्हणजे दारूचा गुत्ता, भाटकाराचे म्हणजे जमीनदाराचे घर असे सारे पायवाटेने हिंडत पाहायचे. माणसे पुतळ्यांची, पण ज्याच्या त्याच्या कामात. पुण्याहून आलेला माझा आठ वर्षांचा भाचा खोपटामागून खोपट धावत सुटला. मातीची भिंत, शेणाची जमीन, अंगणातली तुळस हे सगळे त्याला कुणी समजावून द्यावे लागले नाही. कोण कुठे राहत होते आणि काय करत होते ते त्याने स्वतःच ओळखले. लहान मुलांसाठी याहून चांगली जागा मला गोव्यात माहीत नाही.

तिथेच आडव्या चिऱ्यात, म्हणजे जांभ्या दगडात, कोरलेली संत मीराबाई आहे, 14 मीटर लांब आणि 5 मीटर रुंद. 1994 साली आल्वारिस यांनी ती 30 दिवसांत कोरली. घर बांधताना आपण चिरा रोज पाहतो, तो किती ठिसूळ आणि सच्छिद्र असतो हे ज्याला माहीत आहे तो या मूर्तीपुढे जास्त वेळ थांबतो. ‘मोठ्या पावला’ची दंतकथाही मुलांना आवडते. सगळे दान करून बसलेल्या महादराने देवाकडे फक्त एक पाऊल टेकण्यापुरती जागा मागितली, ती ही, असे सांगतात.

एक गोष्ट मात्र खटकते. हे गाव फार गोड आहे. भाटकाराचे घर दिसते, पण त्याच्या जमिनीवर घर असलेल्या मुंडकाराला कधीही उठवले जाई, ती भीती दिसत नाही. गोवा मुक्तीनंतर 1964 चा कूळ कायदा आणि 1975 चा मुंडकार कायदा कशासाठी करावा लागला, हे त्या घरासमोर उभे राहून मुलांना आपणच सांगावे. मी भाच्याला सांगितले. तो बराच वेळ गप्प होता.

गोवा चित्र वेगळे आहे. तिथे वस्तू खऱ्या आहेत. चित्रकार आणि जुन्या वास्तू-वस्तूंचे जतन करणारे व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी गावोगाव फिरून त्या जमवल्या: शेतीची अवजारे, स्वयंपाकघरातली भांडी, मापे, चार हजारांहून अधिक. ज्या इमारतीत त्या ठेवल्या आहेत तीसुद्धा पाडलेल्या जुन्या घरांच्या दारे-खिडक्यांनी उभी केलेली. ऊस गाळायचा भलाथोरला लाकडी घाणा पाहिला की बैल किती आणि माणसे किती लागत असतील याचा हिशेब मनात आपोआप सुरू होतो. मार्गदर्शकाबरोबर फिरावे लागते आणि ते बरेच आहे, कारण नुसते पाहून निम्म्या वस्तू कळणार नाहीत.

मी आईला घेऊन गेले होते. ती मापांपाशी थांबली. कुडव, पायली हे शब्द तिने कित्येक वर्षांत उच्चारले नव्हते. मग म्हणाली, खळ्यावर भात मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचे नाही, ‘लाभ’ म्हणायचे. आजोबा तसे म्हणत. मार्गदर्शकाची माहिती आधीच सांगून झाली होती, तरी तो ऐकत उभा राहिला. मुठीने झिजलेल्या लाकडासमोर हे जे आठवते, ते रंगवलेल्या पुतळ्यासमोर आठवत नाही. म्हणून माझे मन बाणावलीकडे झुकते. पण दहा वर्षांखालचे मूल तिथे अर्ध्या तासात कंटाळते, हेही पाहिले आहे. शेजारच्या ‘गोवा चक्र’मध्ये गाड्या, मेणे, पालख्या आहेत, तिथे ते पुन्हा जरा खुलते.

गुडघे दुखणाऱ्यांना लोटलीचे चढउतार जड जातात. पावसाळ्यात तिथला बराचसा भाग उघड्यावर असल्याने पायवाटा निसरड्या होतात, तेव्हा बाणावलीच बरी. उलट, हातात जेमतेम दीड तास असेल आणि फोंड्याहून बोरीच्या पुलावरून मडगावला जातच असाल, तर लोटली वाटेतच आहे. समोरचे आल्वारिस कुटुंबाचे सुमारे अडीचशे वर्षांचे घरही पाहा, तिथे गणपतीच्या मूर्तींचा मोठा संग्रह आहे.

दोन्ही करायची असतील तर सकाळी उन्हाआधी लोटली, मडगावला जेवण, दुपारी छपराखाली बाणावली. निघण्यापूर्वी फोन करून वेळ, सुटीचा वार आणि कुठल्या भागाचे तिकीट वेगळे ते विचारून घ्या. आणि घरात सत्तरीपुढचे कुणी असेल तर त्यांना पुढच्या सीटवर बसवून बाणावलीला न्या, मापांपाशी घाई करू नका.