हिंजवडीचा ट्रॅफिक, बाणेरचा फ्लॅट: एपिक्टेटस की एपिक्युरस?

रोजच्या कटकटींवर तत्त्वज्ञान वापरायचं तर हे दोघे प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ कामाचे. गुलामगिरीत जन्मलेला एपिक्टेटस विचारतो, यातलं तुझ्या हातात काय? वाकडच्या पुलापाशी गाडी अडकली, साडेनऊची मीटिंग गेली. ट्रॅफिक हातात नाही. बॉसला आधी कळवणं, हॉर्न बडवत न बसणं हातात आहे. चिडचिडीवर हा उतारा लगेच लागू पडतो.

पण मावसभावाने बाणेरला थ्री बीएचके घेतला आणि घरी टोमणे सुरू झाले, की एपिक्टेटस तोकडा वाटतो. कर्ज काढणं तर आपल्याच हातात असतं! इथे एपिक्युरस (इ.स.पू. ३४१–२७०) बरा. तो इच्छांचे तीन गट करतो: नैसर्गिक आणि गरजेच्या, नैसर्गिक पण बिनगरजेच्या, आणि निव्वळ पोकळ. डोक्यावर छप्पर पहिल्यात, ऐसपैस हॉल दुसऱ्यात, नातेवाइकांत मिरवणं सरळ तिसऱ्यात. (चैनबाज म्हणून उगाच बदनाम झालाय बिचारा, त्याला चीजचा तुकडाही मेजवानी वाटे.)

सोसायटीत टँकरच्या बिलावरून भांडण असेल तर मात्र त्याला विचारू नका. राजकारणापासून लांब राहा, एवढंच सांगेल. तिथे परत एपिक्टेटसच: वाट्याला आलेली भूमिका नीट वठवा. सेक्रेटरी असाल तर हिशेब मागा.