लाकडी होडी, लेपाची की पूर्ण फायबरची? आधी बघा जुनी कोणी खाल्ली

मामेभावाला नवीन होडी बांधायचीय आणि गेले दोन महिने घरात हाच विषय, साग घ्यायचा की आंबा, का सरळ फायबर, म्हणजे काचतंतू आणि राळेची होडी. माझं म्हणणं, आधी जुनी होडी कशाने गेली ते बघ, कारण लाकूड खाणारे दोन आहेत आणि दोघांवरचं औषध वेगळं.

आम्ही तिची तळाची एक फळी काढली. वरून अगदी धडधाकट, फक्त टाचणीच्या डोक्याएवढी चार-पाच भोकं, पण हातोडी मारली तर बद्द आवाज. करवतीने कापली आणि आत बघतो तर नुसती जाळी, बोट जाईल एवढी बिळं, प्रत्येकाला आतून चुन्यासारखं पांढरं अस्तर. हा शिपवर्म, म्हणजे टेरेडो आणि त्याचे भाऊबंद. नाव वर्म असलं तरी हा शिंपल्याच्या जातीतला. पिल्लू असताना एवढ्याशा भोकातून आत शिरतो आणि मग आयुष्यभर आतच वाढतो, लाकूड पचवायचे एन्झाइम त्याच्या कल्ल्यातले बॅक्टेरिया बनवतात. बाहेरून दिसतच नाही, हीच भीती.

बुरशीचं उलटं, ती वरून सुरू होते. खाऱ्या पाण्यातली बुरशी लाकडाच्या पेशींच्या भिंती पोखरते, पृष्ठभाग काळपट मऊ पडतो, नखाने ओल्या पुठ्ठ्यासारखा निघतो आणि वाळला की बारीक चौकोनी भेगा. काम सावकाश, म्हणून लोक लक्ष देत नाहीत. पण होडीचा वरचा भाग, जिथे पावसाचं गोडं पाणी साचतं, तिथे जमिनीवरच्या बुरशीने लाकूड कुजतं आणि ते मात्र पटापट.

आता पर्याय. होडी दिवस-रात्र पाण्यात उभी राहणार असेल तर उघडं लाकूड नकोच, सागसुद्धा नको. मुंबईत सागाची बांधलेली ट्रिंकोमाली ही ब्रिटिश युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली आणि आजही इंग्लंडमध्ये तरंगतेय हे खरं, पण त्या काळी आरमारी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकायचे हे कोणी सांगत नाही. साग बुरशीला चांगला पुरतो, शिपवर्मला फक्त वेळ लावतो. होडी रोज ओढून वाळूवर घेत असाल, पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीत शाकारून ठेवत असाल, तर साग आणि वर्षातून दोनदा तेलाचा हात यावर भागतं, कारण वाळलेल्या लाकडात शिपवर्म तग धरत नाही. फक्त एखाद-दोन दिवस सुकवून मेला असं समजू नका, तो बिळाचं तोंड आतून बंद करून बरेच दिवस जिवंत राहतो.

स्वस्त लाकडाला तांबं-क्रोम-आर्सेनिकचं प्रेशर ट्रीटमेंट, म्हणजे हे औषध दाबाने लाकडात मुरवणं, हा दुसरा मार्ग. कोचीच्या सिफ्टने, म्हणजे केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने, रबराच्या लाकडाच्या होड्यांसाठी हेच वापरलं आणि वर फायबरचा लेप दिला. एकच गोष्ट जीव तोडून सांगतो, सगळं कापकाम ट्रीटमेंटच्या आधी करून घ्या, नंतर फळी कापली की आतलं कोरं लाकूड उघडं पडतं आणि किड्याला दरवाजाच मिळतो. आणि त्या फळीचे तुकडे चुलीत घालू नका, आर्सेनिक असतं त्यात.

लेपाची होडी, म्हणजे लाकडावर फायबरचा थर दिलेली, छान, जोपर्यंत लेप शाबूत आहे. खडकाला घासून टीचभर फाटला की शिपवर्म बाहेरून आणि साचलेलं पाणी आतून. ओल्या लाकडावर लेप चढवणाऱ्या कारागिराला सरळ नाही म्हणा, आत ओल अडकली की बुरशी आतल्या आत काम करते.

पूर्ण फायबर? दोन्ही शत्रू संपले, खर्च सुरुवातीला जास्त, आणि दुरुस्ती गावच्या सुताराच्या हातची नाही, त्यासाठी राळेचं काम येणारा माणूस लागतो.

मामेभावाची होडी बाराही महिने खाडीत दोरीला असते, वर ओढायला माणसं नाहीत. त्याला मी फायबर सांगितलं. मामा अजून सागावरच अडून बसलेत, पण कापलेली फळी पडवीत उभी करून ठेवलीय, येता-जाता बघतात.