संगणकावरून गाणं ऐकताय? अ‍ॅक्टिव्ह स्पीकर जोडी घ्यावी की अ‍ॅम्प्लिफायर आणि पॅसिव्ह जोडी?

संगणकावरून गाणं ऐकण्याची सोय सुधारायला निघालेले बहुतेक जण पहिला पैसा डॅकवर (डिजिटल फाइलचं ऐकण्याच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणाऱ्या खोक्यावर) घालतात. आमच्या मते तो शेवटी घालावा. चांगल्या स्पीकरचाही आवाज अधिक-उणे ३ डेसिबलच्या पट्ट्यात वरखाली होतो, आणि बंद खोलीत खर्जाच्या बाजूला हा फरक १० डेसिबलपर्यंत सहज जातो. त्यापुढे साध्या यूएसबी डोंगलमधली (म्हणजे छोट्याशा डॅकमधली) चूक कानाला कळण्याइतकी नसते. अ‍ॅपलचं यूएसबी-सी ते साडेतीन एमएमचं डोंगलही या कामाला पुरतं. त्यातून सुमारे १ व्होल्ट मिळतो. युरोपात विकल्या जाणाऱ्या नगातून मात्र निम्माच मिळतो, म्हणून तिकडून कुणाकडून मागवणार असाल तर हे लक्षात ठेवा.

डॅक खरंच हवाय का, हे घरीच तपासता येतं. हेडफोन लॅपटॉपच्या जॅकला लावा, काहीही न वाजवता व्हॉल्यूम पूर्ण वाढवा आणि माउस हलवा, एखादी मोठी फाइल कॉपी करा. चिवचिव किंवा सूं ऐकू आलं तर जॅकच्या सर्किटमध्ये आतला गोंगाट शिरतोय, तेव्हा बाहेरचं डोंगल किंवा डॅक घ्याच. शांत असेल तर ते पैसे स्पीकरकडे वळवा.

मग खरी निवड दोन वाटांमध्ये उरते. एक, अ‍ॅम्प्लिफायर पोटात असलेली अ‍ॅक्टिव्ह जोडी. दुसरी, वेगळा अ‍ॅम्प्लिफायर आणि साधे पॅसिव्ह स्पीकर.

आधी बैठक ठरवा

टेबलाशी बसून हाताच्या अंतरावर ऐकणार असाल तर अ‍ॅक्टिव्ह जोडी घ्या. पलंगावर किंवा सोफ्यावर अडीच-तीन मीटरवर बसणार असाल, किंवा घरात जुने पण धडधाकट बुकशेल्फ स्पीकर पडून असतील, तर अ‍ॅम्प्लिफायरची वाट बरी.

हिशोब सोपा आहे. ८५ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर १ वॅटवर १ मीटर अंतरावर ८५ डेसिबल देतो. सरासरी ७५ डेसिबलवर ऐकलं तरी तबल्याची थाप त्याच्या २० डेसिबल वर उसळते, म्हणजे ९५ लागतात. त्यासाठी १० वॅट पुरतात. अडीच मीटरवर गेलं की आणखी ८ डेसिबल हवेत. दोन स्पीकर आणि भिंतींवरून परतणारा आवाज जमेस धरला तर दर बाजूला तीसेक वॅट होतात. याहून जास्त आकडा बहुतेक घरांत नुसता खोक्यावर राहतो.

खर्जाची तार ऐकू येईल का?

शास्त्रीय गायन ऐकणाऱ्यांनी वॅटपेक्षा हा प्रश्न आधी विचारावा. गायकाचा स्वर काळी एक असेल तर मध्य षड्ज १३८.६ हर्ट्झला आणि तानपुऱ्याची खर्जाची तार ६९.३ हर्ट्झला येते. प्रीसोनस एरिस ई३.५ ही टेबलावर छान मावणारी साडेतीन इंची वूफरची (खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या पडद्याची) जोडी आहे, पण कंपनीनेच तिची खालची मर्यादा ८० हर्ट्झ सांगितली आहे. जवारीमुळे (घोडीवर तार घासून येणाऱ्या झणकारामुळे) तानपुऱ्यात वरचे स्वरांश भरपूर असतात, म्हणून खर्ज तिच्यावरही ओळखू येतो. पण त्याचा भरीवपणा हरवतो. पखवाजाचा आणि डग्ग्याच्या घुमाऱ्याचाही तोच प्रकार. पाच इंची जेबीएल ३०५पी एमके२ अधिक-उणे ३ डेसिबलमध्ये ४९ हर्ट्झपर्यंत उतरतो, म्हणजे ही तार पूर्ण वाजवतो.

काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेचा तानपुऱ्याचा खर्ज १०३.८ हर्ट्झला येतो. तिथे छोटी जोडीही कमी पडत नाही. भावगीतं, नाट्यसंगीताची जुनी ध्वनिमुद्रणं, बातम्या आणि व्याख्यानं एवढंच ऐकत असाल तर साडेतीन-चार इंची जोडीवर थांबा आणि उरलेले पैसे ठेवून द्या.

आता खोली. बारा फूट लांबीच्या खोलीत पहिला अनुनाद (खोलीतच घुमून फुगणारा स्वर) सुमारे ४७ हर्ट्झला, दहा फुटांच्या रुंदीत ५६ हर्ट्झला आणि साडेनऊ फुटी छताखाली ५९ हर्ट्झला उभा राहतो. या तीन स्वरांवर स्पीकर कितीही चांगला असला तरी खोलीच बोलते. लांबीच्या बरोबर मध्यावर बसलात तर ४७ हर्ट्झ गायब, पाठ भिंतीला टेकवलीत तर तोच दुप्पट फुगलेला. स्पीकरकडच्या भिंतीपासून लांबीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर डोकं येईल असं बसून पाहा, हे फुकट होतं आणि याचा फरक कुठल्याही नव्या डॅकपेक्षा मोठा असतो. फरशी आणि उघड्या भिंतींमुळे येणारा कर्कश प्रतिध्वनी सतरंजी आणि जाड पडद्यांनी कमी होतो. खर्जाचा घुमारा त्यांनी हलत नाही.

स्पीकर शोकेसच्या कप्प्यात कोंबू नका. मागे हवेचं भोक असेल तर भिंतीपासून निदान वीतभर जागा सोडा. भिंतीला लागूनच ठेवावा लागत असेल तर ३०५पीच्या मागचं बाउंडरी ईक्यूचं (भिंतीमुळे फुगणारा खर्ज कमी करणारं) बटण उणे १.५ किंवा उणे ३ वर करा. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण करा, ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा छोटा पडदा) कानाच्या उंचीला आणा. टेबलावर ठेवून ट्वीटर छातीशी येत असेल तर स्पीकरला मागे कलवा.

दोन वाटा समोरासमोर

अ‍ॅक्टिव्ह जोडीत ड्रायव्हर (वूफर आणि ट्वीटर) आणि अ‍ॅम्प्लिफायर एकमेकांसाठी जुळवलेले असतात. ३०५पीत प्रत्येक खोक्यात वूफर आणि ट्वीटरला ४१-४१ वॅटचे वेगळे अ‍ॅम्प्लिफायर आहेत. हे जुळवणं त्याच पैशात सुटे भाग घेऊन तुम्हाला जमणार नाही. आमचा कौल टेबलासाठी इकडे आहे. पण काही गोष्टी विकत घेण्याआधी कळायला हव्यात. स्टुडिओ मॉनिटर (३०५पीसारखे स्टुडिओसाठीचे अ‍ॅक्टिव्ह स्पीकर) बरेचदा नगावर विकले जातात, तेव्हा दिसलेली किंमत एकाची की जोडीची ते वाचा. नगावर घेतलेल्या प्रत्येकाला स्वतःचं प्लग पॉइंट लागतं आणि दोन्हींना मिळून एक बटण नसतं, म्हणून आवाज डॅकवरून किंवा संगणकावरून कमीजास्त करावा लागतो. जवळून ऐकताना ट्वीटरमधून हलकी सूं येते, ३०५पीबद्दल ही तक्रार नेहमीची आहे. रात्री अगदी हळू ऐकणाऱ्यांनी आधी दुकानात कान लावून पाहावा. आणि आतलं सर्किट बिघडलं की तो स्पीकर दुरुस्त होईपर्यंत मुका.

वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या वाटेवर एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत सुटं सामान मिळतं. छोट्या क्लास-डी (कमी तापणाऱ्या जातीच्या) अ‍ॅम्प्लिफायरच्या जाहिरातीत मात्र ३०० वॅट लिहिलेलं असतं, ते सर्वांत मोठ्या अ‍ॅडॉप्टरवर आणि कमी ओहमच्या स्पीकरवर. तुमचा खरा आकडा असा काढा: अ‍ॅडॉप्टरच्या व्होल्टचा वर्ग, भागिले स्पीकरच्या ओहमची दुप्पट. २४ व्होल्ट आणि ८ ओहम असतील तर ३६ वॅट, तेही जास्तीत जास्त. वरच्या हिशोबात हे पुरतं, म्हणून घाबरायचं कारण नाही. फक्त ३०० वॅटचे पैसे मोजू नका.

स्पीकरच्या तारेवर खर्च नको. चार मीटरपर्यंत दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची साधी लवचीक वायर घ्या, जाऊन-येऊन रोध ०.१ ओहमच्या आसपास राहतो. टोकाचा एकही केस सुटून शेजारच्या टर्मिनलला लागणार नाही असा पीळ द्या, कारण अ‍ॅम्प्लिफायर बहुतेक तिथेच जळतात. क्लास-डीच्या दोन्ही बाजूंच्या काळ्या टर्मिनल एकत्र जोडू नका. त्या बऱ्याचदा अर्थला नसतात, त्यांच्यावर सिग्नल असतो.

जुने स्पीकर वापरणार असाल तर पुढची जाळी काढून वूफरच्या कडेवर बोट फिरवा. कड फोमची असेल तर दमट हवेत ती काही वर्षांत भुगा होते, कोकणात आणि गोव्यात लवकरच. रबराची कड टिकते. बाकी सगळं चांगलं असेल तर फोम बदलून घेणं परवडतं.

जोडताना काय बिघडतं

सर्वांत फसवी चूक साडेतीन एमएमच्या केबलची. डोंगलमधून निघालेला एकच स्टीरिओ पिनचा केबल मॉनिटर स्पीकरच्या बॅलन्स्ड (दोन तारांवरच्या सिग्नलमधला फरक घेणाऱ्या) इनपुटमध्ये खोचला की तो डाव्यातून उजवा वजा करतो. दोन्हीकडे सारखा असणारा गायकाचा आवाज निघून जातो आणि मागचा साज तेवढा उरतो. लोक स्पीकर सदोष समजून परत पाठवतात. हवा तो केबल असा: एका टोकाला साडेतीन एमएमची स्टीरिओ पिन, दुसऱ्या टोकाला ६.३५ एमएमच्या दोन मोनो पिना.

दुसरी तक्रार घरघरीची. लॅपटॉपचा तीन पिनी चार्जर काढल्यावर ती थांबली तर हा अर्थचा फेरा आहे, म्हणजे उपकरणं दोन वाटांनी अर्थला जोडली गेल्याने त्यांच्यात वीज फिरते आहे. लॅपटॉप, डॅक आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा. तरीही राहिली तर बॅलन्स्ड आउटपुटचा डॅक घ्या, किंवा डॅकचा ऑप्टिकल इनपुट वापरा, त्यातून वीज जातच नाही. चार्जरची अर्थ पिन कापण्याचा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका. तो जिवावर बेततो.

चालू करताना डॅक आधी, स्पीकर शेवटी. बंद करताना उलट. नाहीतर धप्प असा दणका थेट वूफरवर बसतो.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात

विंडोज सगळे आवाज एकत्र करून एकाच ठरलेल्या दराला (सेकंदाला किती नमुने, त्या दराला) वाजवतं. सीडीवरून उतरवलेली गाणी जास्त असतील तर साउंड सेटिंगमध्ये ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिट निवडा. व्हॉल्यूम संगणकावरून कमी केला तर दर ६ डेसिबलला १ बिट खर्ची पडतो, २४ बिटमध्ये ४८ डेसिबल खाली येऊनही सीडीइतके १६ बिट शाबूत राहतात. मॅकवर अ‍ॅपल म्युझिक दर आपोआप बदलत नाही, तो ऑडिओ मिडी सेटअपमध्ये जाऊन हाताने बदलावा लागतो.

गाणी वाजवणाऱ्या फूबार२००० सॉफ्टवेअरमध्ये वासापी एक्स्क्लुझिव्ह (आवाज थेट डॅककडे पाठवणारा मार्ग) निवडलं की विंडोजचा मिक्सर मधून हटतो. त्याबरोबर दोन गोष्टी होतात. टास्कबारवरचा व्हॉल्यूम बऱ्याच डॅकवर चालेनासा होतो आणि पहिलंच गाणं पूर्ण जोराने सुटू शकतं, तेव्हा आधी स्पीकरची बटणं खाली करा. शिवाय ठरावीक स्वरांचा आवाज कमीजास्त करणारं इक्वलायझर एपीओ हे सॉफ्टवेअर या मार्गावर काम करत नाही. खोलीचा ४७ किंवा ५६ हर्ट्झचा फुगवटा उतरवायला याच मोफत सॉफ्टवेअरचा सर्वांत जास्त उपयोग असतो, म्हणून दोन्हींतून एक निवडायचं झालं तर एक्स्क्लुझिव्ह बंद ठेवा आणि इक्वलायझर चालू. फुगवटा खाली ओढा. जिथे आवाज गायब होतो तिथे वर ढकलू नका, तिथे अ‍ॅम्प्लिफायर थकतो आणि खड्डा तसाच राहतो.